आधी धोटा पेटीत येऊ द्या : पोटातला मेसेज ब्रोकर बंद करताना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पहिल्यांदा माग बंद होताना जवळून पाहिला. तोवर माझी समजूत होती, बटण दाबलं की झालं. जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) अण्णा दांड्यावर हात ठेवून उभे होते आणि त्यांचा कान मागाच्या खटक्याकडे होता. धोटा एका पेटीतून सुटला, दुसऱ्या पेटीत जाऊन बसला, फणीनं बाण्याचा धागा ठोकला, आणि त्या ठेक्यावर अण्णांनी दांडा ओढला.

"मधेच थांबला तर काय होतं, अण्णा?"

"ताण्यात अडकतोय की, सर. फणी येऊन त्याच्यावर आपटली की धागे गेले. मग बसा जोडत दुपारपर्यंत."

मी तिथं गेलो होतो माझंच सॉफ्टवेअर दुरुस्त करायला. दोन महिने ते रोज संध्याकाळी हेच करत होतं. धोटा वाटेत असताना दांडा ओढत होतं.

झालं असं होतं की पॅकिंगमध्ये टॉवेलचा गठ्ठा काट्यावर ठेवला की वजन संगणकाकडे जायचं, लेबल छापलं जायचं आणि हिशेबात नोंद पडायची. पण दोन-तीन दिवसांआड एखादा गठ्ठा असा निघायचा, ज्याच्यावर लेबल आहे पण वहीत नोंद नाही. कारखान्यात माल आणि वही जुळेना झाली की संशय आधी माणसांवर जातो. पॅकिंगच्या दोन पोरांना बोलणी बसली. त्यांचा काही दोष नव्हता. दोष रोज संध्याकाळी माझा प्रोग्रॅम बंद व्हायचा त्या शेवटच्या चार सेकंदांत होता.

ते चार सेकंद समजून घ्यायचे तर आधी ब्रोकर म्हणजे काय ते पाहू.

सोलापूरकराला ब्रोकर समजावणं सोपं. सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याची गाडी येते. शेतकरी खरेदीदाराच्या मागे फिरत नाही. तो माल अडत्याच्या गाळ्यावर उतरवतो, पावती घेतो आणि मोकळा होतो. खरेदीदार आपल्या सवडीनं येतो आणि उचलून नेतो. सॉफ्टवेअरमधला मेसेज ब्रोकर हा असाच अडत्या. एक भाग मेसेज आणून टाकतो, दुसरा भाग उचलतो, मधे रांग असते. उचलणारा दमला असेल, झोपला असेल, तरी टाकणाऱ्याचं काम अडत नाही. यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू पावती. ती हातात पडेपर्यंत मालाची काळजी आणणाऱ्याला, पडल्यावर अडत्याला.

मोठ्या ठिकाणी ब्रोकर वेगळ्या सर्व्हरवर चालतो. रॅबिटएमक्यू, मॉस्किटो ही त्यातली नेहमीची नावं. छोट्या कामाला मात्र दुसरा सर्व्हर सांभाळायचा त्रास नको म्हणून ब्रोकर आपल्या प्रोग्रॅमच्या पोटातच बसवतात. अडत्याचा गाळा घराच्या ओसरीत घेतल्यासारखं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत अपाचे ॲक्टिव्हएमक्यू हा ब्रोकर अशा पद्धतीनं चार-सहा ओळींत उभा राहतो. मी तेच केलं होतं. अठ्ठेचाळीस मागांवरचे काउंटर आणि पॅकिंगचा काटा बाहेरून एमक्यूटीटीनं बोलायचे, आणि हिशेब करणारा, लेबल छापणारा हे भाग त्याच प्रोग्रॅमच्या आत बसून ब्रोकरकडून मेसेज घ्यायचे. एमक्यूटीटी ही बोली १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बांधली. लाइन कधी तुटेल सांगता येत नाही, हे तिनं जन्मापासून गृहीत धरलंय. त्यामुळे आपल्याकडच्या कारखान्यांना ती बरी मानवते.

ओसरीतल्या गाळ्याची सोय असते, पण ती बंद करताना अंगाशी येते. ब्रोकर वेगळा असेल तर आपला प्रोग्रॅम मेला तरी माल अडत्याकडे सुखरूप राहतो. तो पोटात असेल तर अडत्या, हमाल, वही लिहिणारा आणि गेटवरचा वॉचमन, सगळे एकाच छताखाली आणि एकाच मेन स्विचवर. घरातले सगळे एकदम निघाले की कोण कुणासाठी थांबणार?

आता प्रोग्रॅमला 'बंद हो' असं सांगितलं जातं तरी कसं? लिनक्समध्ये त्यासाठी सिग्नल असतात. नेहमीचा सिग्नल म्हणजे सिगटर्म, क्रमांक १५. तो म्हणजे दारावर टकटक करून 'आवरा आता' म्हणणं. प्रोग्रॅम तो ऐकू शकतो आणि आवराआवर करू शकतो. दुसरा सिगकिल, क्रमांक ९. तो प्रोग्रॅमला ऐकूच येत नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, त्याला जागच्या जागी संपवतो. पहिल्या टकटकीनंतर किती वेळ मिळेल हे बोलावणाऱ्यावर असतं. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारं सिस्टमडी मुळात ९० सेकंद देतं, प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांपैकी कुबरनेटीस ३०, आणि डॉकरचा स्टॉप फक्त १०. तेवढ्यात आवरलं नाही की ९ नंबर.

जावा प्रोग्रॅमला सिगटर्म मिळाला की त्यातले 'शटडाऊन हुक' सुरू होतात. हुक म्हणजे निघताना करायच्या कामाची चिठ्ठी. इथंच माझी फसगत झाली. मला वाटायचं, चिठ्ठ्या ज्या क्रमानं लावल्या त्या क्रमानं किंवा उलट क्रमानं वाचल्या जात असतील. तसं काही नाही. सगळे हुक एकाच वेळी, वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या वेगवेगळ्या धाग्यांवर, सुटतात आणि त्यांच्यात कसलाही क्रम नसतो. आणि यातले बरेचसे तुम्ही लावलेलेही नसतात. ॲक्टिव्हएमक्यूचा ब्रोकर आपला हुक आपणच लावून घेतो. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, लिहिणारं लॉगफॉरजे-२ आपला लावतं. डेटाबेसच्या, म्हणजे हिशेबाच्या वहीच्या, जोडण्यांचा साठा बंद करायचा हुक माझा होता. घर आवरायला तीन माणसं एकदम सुटली. एकानं वही बंद करून कपाटात टाकली, दुसरा अजून गठ्ठे मोजतोय, आणि तिसऱ्यानं दिवा मालवला.

माझ्या त्या चार सेकंदांत हेच व्हायचं. हिशेबाचा भाग एक मेसेज उचलायचा, लेबल छापून घ्यायचा, आणि नोंद करायला डेटाबेसकडे जायचा तर डेटाबेस बंद झालेला. एरर यायची. ती एरर माझ्या कोडनं गिळायची ('लॉगमध्ये लिहितोय ना, मग झालं' या माझ्या जुन्या आळसानं) आणि मेसेजवर 'काम झालं' अशी खूण व्हायची. ब्रोकरनं तो मेसेज पुसून टाकला. आणि एरर लॉगमध्ये का दिसली नाही? लॉगचा हुक आधीच आपलं काम उरकून गेला होता. दिवा मालवल्यावर पडलेली वस्तू कुणाला दिसणार?

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढून घेणं. ब्रोकरचा हुक बंद केला, लॉगचा हुक बंद केला आणि एकच चिठ्ठी ठेवली, माझी. आत कामं एकामागून एक.

क्रम ठरवताना परत यार्डच आठवलं. थंडीत कांद्याची आवक फार वाढली, यार्डात गाड्या मावेनात, की बाजार समिती एखादा दिवस लिलाव बंद ठेवते आणि आधी आत पडलेला माल उचलू देते. नवा माल गेटबाहेर थांबतो. आतल्या मालाला हात लावायच्या आधी गेट बंद, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. प्रोग्रॅममध्येही पहिला हात गेटला. बाहेरच्या जोडण्या घेणारा ब्रोकरचा कनेक्टर थांबवायचा. ॲक्टिव्हएमक्यूमध्ये हा कनेक्टर थांबवला की चालू जोडण्याही तुटतात. बाहेरची मंडळी फक्त माल आणून टाकणारी असतील तर ते चालतं. ज्याला पावती मिळाली नाही तो माल परत घेऊन येईल.

बाहेरचं गेट लावलं तरी घरातून माल टाकणारे उरतात, आणि ते हमखास विसरले जातात. माझ्या प्रोग्रॅममध्ये दर मिनिटाला एक टायमर उठून 'या मिनिटाचा हिशेब काढा' असा मेसेज रांगेत टाकायचा. तो चालू असेल तर रांग रिकामी व्हायची वाट बघणं म्हणजे टाकीचा कॉक उघडा ठेवून टाकी उपसणं. टायमर थांबवा, मगच मोजायला बसा.

मग रांगेतलं उरलेलं काम संपू द्यायचं. ॲक्टिव्हएमक्यूमध्ये यासाठी तयार सोय आहे, 'स्टॉपग्रेसफुली' नावाची. कोणता कनेक्टर, कोणती रांग, जास्तीत जास्त किती वेळ आणि दर किती वेळानं डोकावायचं एवढं तिला सांगायचं. ती कनेक्टर थांबवते, रांग शून्यावर येईपर्यंत डोकावत राहते आणि मग ब्रोकर बंद करते. मला मधे आणखी कामं करायची होती म्हणून मी तीच पद्धत हातानं लिहिली.

यातला 'जास्तीत जास्त किती वेळ' हा भाग लोक गंमत म्हणून सोडून देतात, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. समजा डेटाबेसच बिघडलाय. मग रांग कधीच रिकामी होणार नाही. तुम्ही वाट बघत बसाल, ९० सेकंद संपतील आणि सिगकिल येईल, म्हणजे जे टाळायचं होतं तेच. रांग रिकामी झालीच पाहिजे असा हट्ट नको. तिच्यातला माल ब्रोकरच्या साठ्यात, म्हणजे डिस्कवरच्या जर्नलमध्ये नीट लिहिलेला असेल तर तो उद्या सकाळीही उचलता येतो. मी रांगेला पंचवीस सेकंद दिले. तेवढ्यात झालं तर झालं, नाहीतर उरलेलं उद्या.

यानंतर उचलणाऱ्यांना थांबवायचं, पण हातातला गठ्ठा खाली ठेवू द्यायचा. एक मेसेज हातात असेल तर तो पूर्ण करायचा, डेटाबेसमध्ये नोंद पक्की करायची, मग ब्रोकरला 'झालं' म्हणायचं. क्रम हाच. आधी 'झालं' आणि मग नोंद असं केलंत की मधल्या फटीत गठ्ठा हरवतो. अजून एक गोष्ट इथं गोंधळात टाकते. ॲक्टिव्हएमक्यू रांगेवरच्या उचलणाऱ्याला मुळात हजारपर्यंत मेसेज आगाऊ देऊन ठेवतो, म्हणजे त्याच्या खिशात बरेच मेसेज असतात ज्यांना त्यानं हातही लावलेला नाही. त्यांची काळजी नको. 'झालं' न म्हटलेलं सगळं ब्रोकरच्या लेखी अजून त्याचंच आहे आणि पुढच्या वेळी तो ते परत देतो.

उचलणारे थांबले, की ब्रोकर. ब्रोकरला थांब म्हणायचं आणि तो खरोखर थांबेपर्यंत उभं राहायचं. त्यासाठी 'वेटअंटिलस्टॉप्ड' आहे. ब्रोकरनंतर डेटाबेसच्या जोडण्या. सगळ्यात शेवटी लॉग, कारण बाकीच्यांनी जाता जाता काय सांगितलं ते लिहून घेणारा कुणीतरी हवाच.

एवढं केल्यावर वहीतली तूट थांबली. मी खूश होऊन नवी पेठेत मित्राला चहा पाजला. तो म्हणाला, "का बे, एवढ्यात झालं पण?" झालं नव्हतंच.

दुसऱ्याच आठवड्यात एक विचित्र प्रकार दिसला. लॉगमध्ये ब्रोकर बंद झाल्याची ओळ होती आणि लगेच खाली ब्रोकर सुरू झाल्याची. कुणी सुरू केला? प्रोग्रॅमच्या आतले भाग ॲक्टिव्हएमक्यूशी 'व्हीएम' नावाच्या आतल्या वाटेनं बोलतात. या वाटेची एक खोड आहे. पलीकडे ब्रोकर नसेल तर ती स्वतःहून नवा उभा करते. सोय म्हणून ठेवलेली आहे, शिकाऊ माणसाला बरी पडते. माझा एक भाग जोडणी तुटली की पुन्हा जोडायचा प्रयत्न करणारा होता. ब्रोकर बंद होताच त्यानं वाट ठोठावली आणि वाटेनं त्याला भुताचा ब्रोकर काढून दिला, त्याला ना माझी सेटिंग माहीत, ना माझी रांग. उपाय अर्ध्या ओळीचा. पत्त्याच्या शेवटी 'क्रिएट इज इक्वल टू फॉल्स' असं लिहायचं. आणि खरं तर उचलणारे आधी थांबवले असते तर भूत उठलंच नसतं. एक भाग मी थांबवायला विसरलो होतो.

त्याहून वाईट गोष्ट मी हौसेनं ओढवून घेतली. रोज ऑफिसात जाऊन संगणक बंद करायचा कंटाळा, म्हणून एक खास मेसेज ठेवला. रांगेत 'बंद' असा मेसेज आला की प्रोग्रॅमनं स्वतःला बंद करायचं. मेसेज आला, उचलणाऱ्यानं तो वाचला आणि तिथूनच सिस्टम एक्झिट, म्हणजे प्रोग्रॅम संपवायचा जावाचा हुकूम, म्हटलं. आणि सगळं गोठलं. एक्झिट म्हणणारा थ्रेड हुक संपायची वाट बघत उभा राहतो. हुक उचलणाऱ्याच्या हातातलं काम संपायची वाट बघतो. उचलणाऱ्याच्या हातातलं काम म्हणजे तेच एक्झिट. ज्या फांदीवर बसलो तिच्यावरच कुऱ्हाड, आणि वर फांदीही पडेना. अशा वेळी बंद करायची खबर दुसऱ्याच थ्रेडला द्यायची आणि उचलणाऱ्यानं आपला मेसेज 'झालं' म्हणून परतायचं. मी तो मेसेजच काढून टाकला. सिस्टमडीला त्याचं काम करू द्यावं.

सिस्टमडीचं नाव निघालंय तर एक बारीक गोष्ट. सिगटर्मनं बंद झालेला जावा प्रोग्रॅम, कितीही नीट आवरला तरी, १४३ हा आकडा देऊन जातो. १२८ अधिक १५. सिस्टमडीला तो अपयश वाटतो आणि लाल अक्षरात 'फेल्ड' दिसतं. सेवेच्या फाइलमध्ये १४३ हेही यश आहे असं लिहून टाका, नाहीतर मालकांचा फोन येतो.

आता लाइट. वरची सगळी कथा 'आवरा' म्हणायला कुणीतरी आहे असं धरून चालते. लाइट टकटक करत नाही.

बरेच जण चाचणी म्हणून प्रोग्रॅमला ९ नंबरनं मारतात, पुन्हा चालू करतात, मेसेज जागेवर आहेत असं बघतात आणि म्हणतात, 'लाइट गेली तरी चालेल.' या दोन गोष्टी एक नाहीत. प्रोग्रॅमनं फाइलमध्ये लिहिलं की ते आधी ऑपरेटिंग सिस्टमच्या मेमरीत जातं, डिस्कवर नंतर. ९ नंबरनं प्रोग्रॅम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टम जिवंत असते, ती हातातलं लिखाण डिस्कवर उतरवते. लाइट गेली की दोघंही गेले. म्हणून ब्रोकरनं पावती द्यायच्या आधी 'एफसिंक' म्हणावं लागतं, म्हणजे 'आत्ता डिस्कवर उतरव, उतरल्याचं सांग, मग मी पुढे जातो'. ॲक्टिव्हएमक्यूचा कहाडीबी हा साठा मुळात असंच करतो. वेग वाढवायला ही खबरदारी बंद करता येते, आणि इंटरनेटवरचे सल्ले वाचून मी ती बंद केलेली होती. अठ्ठेचाळीस माग आणि एक काटा यांना असा कोणता वेग लागतो? परत चालू केली. चाचणी घ्यायची तर बोर्डावरचं बटण बंद करूनच घ्यावी, आणि ती घेताना हिशेबाची खरी वही त्या मशीनवर नसावी.

यूपीएस असेल तर टकटक करायला माणूस मिळतो. पण तो यूपीएस यूएसबीनं संगणकाला जोडलेला हवा. नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर बॅटरी उतरत आल्याचं वाचतं आणि मशीन रीतसर बंद करायला लावतं. कारखान्यात आधी होता तो नुसता दिवा लुकलुकवणारा यूपीएस. तो शेवटपर्यंत निमूट जळायचा आणि मग निमूट जायचा.

एक फाइल मात्र विनाकारण बदनाम आहे. कहाडीबीच्या फोल्डरमध्ये 'लॉक' नावाची फाइल असते. नवा ब्रोकर सुरू होताना म्हणतो, दुसऱ्या कुणीतरी ताबा घेतलाय, थांबतो. मग कुणीतरी ती फाइल उडवतं. असं करू नये. कुलूप त्या फाइलच्या असण्यात नाही, ऑपरेटिंग सिस्टमनं धरलेल्या ताब्यात आहे. जुना प्रोग्रॅम खरोखर मेला की ताबा आपोआप सुटतो. सुटत नाही म्हणजे जुना अजून जिवंत आहे, बहुधा वर सांगितल्यासारखा गोठून. फाइल उडवलीत तर एकाच वहीवर दोन मुनीम बसतील.

मागावरच्या काउंटरची गोष्ट वेगळी निघाली. त्यांच्यातल्या छोट्या चिपवर मी पबसबक्लायंट नावाची लायब्ररी वापरली होती. बहुतेक जण तीच वापरतात. ती पाठवते फक्त क्यूओएस शून्यानं, म्हणजे माल टाकला आणि पावती न घेता निघाला. ब्रोकर कितीही शहाण्यासारखा बंद करा, गेट लावताना वाटेत असलेला मेसेज गेला तो गेला. आणि माझे काउंटर पाठवायचे 'एक फेरी झाली', 'एक फेरी झाली'. प्रत्येक हरवलेला मेसेज म्हणजे विणकराच्या मजुरीतला धागा, कारण मजुरी कामाच्या मोजणीवर. यावर मी बरेच दिवस पावतीवाली दुसरी लायब्ररी बसवायच्या खटपटीत होतो, आणि उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं. विजेचं मीटर. ते 'एक युनिट जळलं' असं सांगत नाही, आजवर एकूण किती जळलं ते दाखवतं. एखादं रीडिंग चुकलं तरी पुढच्यात सगळं येतं. काउंटरनाही एकूण फेऱ्या पाठवायला लावल्या, आणि चिपमध्ये आकडा मधूनमधून जपून ठेवायला. आता मधला एखादा मेसेज हरवला तर हरवू दे.

काट्याचं असं करता येत नाही, कारण प्रत्येक गठ्ठा वेगळा. तिथं क्यूओएस एक. पावती येईपर्यंत काटा मेसेज धरून ठेवतो आणि जोडणी परत झाली की पुन्हा पाठवतो. मग उलटी अडचण. ब्रोकरनं माल लिहून घेतला, पावती द्यायच्या क्षणी गेट बंद झालं, काट्याला पावती मिळालीच नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी तोच गठ्ठा परत पाठवला. वहीत एकाचे दोन. हे बंद करताना टाळता येत नाही, कितीही क्रम लावा. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला काट्यावरच नंबर, आणि डेटाबेसला ताकीद की एका नंबराची एकच नोंद. दुसरी आली तर ती मुकाट्यानं टाकायची आणि ब्रोकरला 'झालं' म्हणायचं. नाहीतर तोच मेसेज पुन्हा पुन्हा येत राहतो.

एमक्यूटीटीचं 'मृत्युपत्र' ऐकलंय का? प्रत्येक काउंटर जोडणी करतानाच सांगून ठेवतो की मी निरोप न घेता गेलो तर हा मेसेज सगळ्यांना सांगा. माझ्याकडे तो मेसेज होता 'माग बंद पडला', आणि तो व्यवस्थापकांच्या मोबाइलवर जायचा. आता ब्रोकरनंच गेट लावून जोडण्या तोडल्या तर काउंटर निरोप न घेताच गेले ना! एका रविवारी मी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि त्या माणसाच्या मोबाइलवर ओळीनं अठ्ठेचाळीस माग बंद पडले. ब्रोकर बंद होतोय म्हणून तुटलेल्या जोडण्यांची मृत्युपत्रं पुढच्या सुरुवातीपर्यंत लांबवायची मुभा या बोलीच्या नियमांत आहे, पण ती मुभाच, सक्ती नाही. मी माझ्या बाजूनं एक खूण ठेवली. 'बंद होतोय' ही खूण लागली असेल तर मोबाइलवर काही पाठवायचं नाही. २०१९ साली प्रमाण झालेल्या एमक्यूटीटी ५ मध्ये सर्व्हर जाताना '१३९, मी बंद होतोय' असं सांगून जाऊ शकतो. त्याआधीच्या ३.१.१ या आवृत्तीत सर्व्हरकडे ते शब्दच नाहीत, तो नुसती लाइन तोडतो. माझे काउंटर ३.१.१ बोलतात.

सकाळी सुरू करताना सगळं उलटं. लॉग, डेटाबेस, ब्रोकर, उचलणारे, टायमर, आणि गेट सगळ्यात शेवटी. गेट उघडताच अठ्ठेचाळीस काउंटर एकाच सेकंदाला आत घुसायचे आणि बिचारा छोटा संगणक घाम पुसायचा. प्रत्येक काउंटरला आता जोडणीआधी शून्य ते साठ सेकंदांतला कुठलाही आकडा काढून तेवढं थांबायला सांगितलंय, आणि जोडणी फसली तर दर वेळी जास्त.

त्यामुळे लाइट आली की ऑफिसातल्या पडद्यावर मागांचे हिरवे ठिपके एकदम लागत नाहीत. बाविसावा लागतो, मग तिसरा, मग एकेचाळिसावा. अण्णांना ते पसंत नाही. रोज सकाळी दारातून डोकावून विचारतात, "सर, वायर ढिली हाय का कुठं?"